पुसले, पण गेले का?

पाटीवर सोडवलेले गणित ओल्या फडक्याने पुसले, की ते गेले. पेन्सिलीची पूड फडक्याला लागली आणि पाटी कोरी झाली. वहीतले अक्षर खोडरबराने घासले, तर कागद जरा झिजतो, पण अक्षर नाहीसे होते. ‘पुसणे’ या शब्दाचा अर्थ आपल्या मनात लहानपणापासून अशा अनुभवांतून तयार झालेला असतो.

मोबाईलच्या पडद्यावर केराच्या टोपलीचे एक छोटे चित्र असते. त्यावर बोट ठेवले, की समोरचे छायाचित्र दिसेनासे होते. साहजिकच आपल्याला वाटते, की पाटी पुसली गेली. या समजुतीवर घरोघर कितीतरी व्यवहार चालतात. जुना मोबाईल दुकानात देऊन नवा घ्यायचा असेल, तर घरातले कोणीतरी म्हणते, ‘फोटो काढून टाक आणि दे, म्हणजे झाले.’ भांड्यांच्या बदल्यात जुने मोबाईल घेणारा फेरीवाला दारावर आला, की कपाटातले दोन बंद फोन त्याच्या पोत्यात जातात. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह देताना त्यावर पूर्वी काय काय होते, हे कोणाच्या लक्षातही नसते.

आता त्या फोनमध्ये काय काय होते, ते आठवून पाहू. आईच्या आधार कार्डाचे छायाचित्र, आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे पासबुक, वडिलांची सही असलेला धनादेश, ताईचा वैद्यकीय अहवाल आणि दोनचारशे लोकांचे फोन नंबर. घरातल्या लोखंडी कपाटात कुलपाखाली ठेवावे, असे बरेच काही त्या हातभर लांबही नसलेल्या वस्तूत असते. म्हणून ते खरोखर पुसले गेले की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर मात्र मतांवर अवलंबून नाही. ते या यंत्रांच्या रचनेत आणि थोड्याशा भौतिकशास्त्रात दडलेले आहे.

कार्ड फाडले, पुस्तक जागेवरच!

समजा, तुमच्या शाळेच्या वाचनालयात दहा हजार पुस्तके आहेत. एखादे पुस्तक हवे असेल, तर आपण कपाटे धुंडाळत बसत नाही. सूचीतले कार्ड पाहतो. ‘कपाट क्रमांक १२, खण क्रमांक ३’ असे त्यावर लिहिलेले असते. आपण नेमके तेथे जातो आणि पुस्तक काढतो.

एके दिवशी ग्रंथपालांना एक पुस्तक काढून टाकायचे आहे. पण त्यांना घाई आहे. ते कपाटापर्यंत जातच नाहीत. सूचीतले कार्ड तेवढे फाडतात आणि आपल्या वहीत नोंद करतात, ‘कपाट १२, खण ३ मधील जागा रिकामी समजावी.’ यानंतर सूची पाहणाऱ्या वाचकाला ते पुस्तक वाचनालयात नाही असेच वाटेल. प्रत्यक्षात पुस्तक खणात जसेच्या तसे उभे असते. पुढे केव्हातरी नवे पुस्तक येईल, त्याला नेमकी तीच जागा दिली जाईल आणि तेव्हा जुने पुस्तक उचलले जाईल. ती वेळ उद्या येईल किंवा दोन वर्षांनीही येणार नाही.

संगणक आणि त्याचा धाकटा भाऊ मोबाईल हेच करतात. प्रत्येक फाईल मेमरीत कोठे ठेवली आहे, याची एक सूची यंत्रातील आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, सांभाळत असते. आपण ‘डिलीट’ म्हणतो तेव्हा सूचीतली नोंद काढली जाते आणि ती जागा रिकामी समजली जाते. मजकूर बहुधा तेथेच राहतो.

मग जो मनुष्य सूची न पाहता थेट कपाटांमधून हिंडेल, त्याला ‘काढून टाकलेले’ पुस्तक सापडेल का? जरूर सापडेल! हरवलेल्या फाईली परत मिळवून देणाऱ्या आज्ञावली असेच करतात. प्रत्येक प्रकारच्या फाईलचा आरंभ ठरावीक खुणेने होतो. उदाहरणार्थ, मोबाईलमधील नेहमीची छायाचित्रे ज्या जेपेग पद्धतीने साठवतात, तिच्यात पहिले तीन बाइट नेहमी २५५, २१६, २५५ हे असतात आणि शेवटी २५५, २१७ ही जोडी येते. मेमरी आरंभापासून वाचत जायचे, पहिली खूण दिसली की थांबायचे आणि शेवटच्या खुणेपर्यंतचा मजकूर उचलून घ्यायचा. छायाचित्र हाती आले!

ही आळशी पद्धत कशासाठी?

असे करण्यामागे चांगले कारण आहे. समजा, तुमच्याकडे १ टेराबाइटची, म्हणजे सुमारे १० लाख मेगाबाइटची हार्ड डिस्क आहे आणि ती सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने लिहू शकते. ती पूर्ण भरलेली डिस्क खऱ्या अर्थाने पुसायची, तर प्रत्येक जागेवर नव्याने काहीतरी लिहावे लागेल. १० लाखांना १०० ने भागा. उत्तर येईल १०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २ तास ४७ मिनिटे. उलट, सूची कोरी करायला काही सेकंदच पुरतात. वापरणाऱ्याला वाट पाहायला लावू नये, म्हणून यंत्र रचणाऱ्यांनी दुसरा मार्ग निवडला.

या पद्धतीचा एक फायदाही आहे. लग्नाची छायाचित्रे चुकून काढून टाकली गेली, तर ती पुष्कळदा परत मिळू शकतात. त्यासाठी एकच पथ्य पाळायचे. त्या कार्डावर पुढे एकही छायाचित्र घ्यायचे नाही. नवे पुस्तक आले नाही, तर जुने जागेवरच राहणार!

चुंबकांची वही

मजकूर ‘तेथेच राहतो’ म्हणजे नेमका कशाच्या रूपात राहतो? पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाईलमधील एका छायाचित्राएवढाच हा मजकूर. आकार कितीही बदलला, तरी तत्त्व तेच राहिले आहे. फिरत्या चकतीवर चुंबकीय पदार्थाचा पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म भागांचे चुंबकन एका दिशेला किंवा विरुद्ध दिशेला करायचे आणि या दिशांच्या बदलातून ० आणि १ हे अंक लिहायचे. चुंबकनाची दिशा टिकवायला वीज लागत नाही. म्हणून संगणक बंद केला तरी मजकूर राहतो, आणि सूचीतली नोंद काढली तरीही राहतो. त्याच भागावर नव्याने लिहिले गेले, तरच तो जातो.

किती वेळा लिहावे, याविषयी बरेच गैरसमज आहेत. पीटर गुटमन या संशोधकांनी १९९६ साली एका निबंधात ३५ वेळा वरून लिहिण्याची पद्धत सुचवली होती आणि तो आकडा लोकांच्या मनात पक्का बसला. ती पद्धत त्या काळापर्यंतच्या निरनिराळ्या जुन्या डिस्कसाठी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००६ साली स्पष्ट केले, की २००१ नंतरच्या मोठ्या हार्ड डिस्कसाठी सर्व जागांवर एकदा वरून लिहिणे पुरेसे आहे.

कोंडलेले इलेक्ट्रॉन

मोबाईल, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत मात्र चुंबक नाही आणि चकतीही नाही. त्यांत फ्लॅश मेमरी असते. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. हिच्यातील माहितीचा मोठा गठ्ठा एका झटक्यात पुसता येतो. त्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि ‘फ्लॅश’ हे नाव पडले, असे सांगतात. नावच मुळी पुसण्यावरून पडलेल्या या मेमरीतून पुसणे अवघड जावे, ही गंमतच म्हणायची!

फ्लॅश मेमरीचा कप्पा म्हणजे एक विशेष प्रकारचा ट्रान्झिस्टर. त्याच्या पोटात एक छोटेसे बेट असते. ते चहूबाजूंनी विसंवाहक थराने वेढलेले असते. या बेटावर इलेक्ट्रॉन नेऊन ठेवले, की ते तेथेच अडकतात, कारण बाहेर जायला वाट नसते. बेट रिकामे असेल तर १ आणि भरलेले असेल तर ०, असा संकेत ठरवलेला आहे. आजकाल तर एकाच बेटावर इलेक्ट्रॉनांच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ठेवून एका कप्प्यात तीन अंक साठवतात.

पण वाट नाही, तर इलेक्ट्रॉन मुळात आत गेले कसे? येथे पुंजयामिकी मदतीला येते. विसंवाहक थराची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजारांश भागाएवढी असते. तिच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १० व्होल्टचे विभवांतर दिले, तर विद्युत क्षेत्र किती होईल? १० व्होल्टला १० नॅनोमीटरने भागले, की येतात दर मीटरला १०० कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. हे क्षेत्र त्याच्या तीनशे पटींहून अधिक झाले. एवढ्या क्षेत्रात इलेक्ट्रॉन आपल्या तरंगस्वरूपामुळे थरातून बोगदा असल्यासारखा पार जातो. यालाच बोगदा परिणाम म्हणतात. विभवांतर काढून घेतले, की बोगदा जणू बंद होतो आणि इलेक्ट्रॉन कैदेत पडतात. ते तेथे कित्येक वर्षे राहू शकतात, मग फोनची बॅटरी संपलेली असो की पडदा फुटलेला असो.

या मेमरीचे दोन विचित्र स्वभाव आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की तिच्यात एक एक कप्पा वेगळा पुसता येत नाही. कप्प्यांचा मोठा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. दुसरा असा, की इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक ये-जा करण्याने विसंवाहक थर थोडा थोडा झिजतो. त्यामुळे कप्पा किती वेळा पुसता येईल याला मर्यादा असते. ती प्रकाराप्रमाणे सुमारे एक हजारापासून एक लाखापर्यंत असते. एकाच भागाची झीज होऊ नये, म्हणून मेमरीतील नियंत्रक नवा मजकूर जुन्याच जागेवर न लिहिता दुसऱ्या, कमी झिजलेल्या जागी लिहितो. म्हणजे हार्ड डिस्कसाठी चालणारा ‘त्याच फाईलवर वरून लिहा’ हा उपाय येथे भरवशाचा राहत नाही. आपल्याला वाटते वरून लिहिले, आणि जुना मजकूर मात्र शेजारच्या गठ्ठ्यात तसाच पडून असतो.

आधुनिक फोनमधील आज्ञावली ‘ही जागा आता नको आहे’ असे नियंत्रकाला कळवते आणि तो सवडीने ते गठ्ठे पुसतो. त्यामुळे नव्या फोनमधून काढलेली फाईल परत मिळवणे कठीण झाले आहे. साध्या पेन ड्राइव्हच्या आणि मेमरी कार्डाच्या बाबतीत मात्र अशी खात्री धरता येत नाही.

जुन्या डिस्क काय सांगतात?

हे सर्व केवळ तर्काने मांडलेले नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे दोन विद्यार्थी सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या. नीट पुसलेल्या किती असतील? फक्त १२! उरलेल्यांत पत्रे, वैद्यकीय माहिती आणि ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. २००३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

आता झेरॉक्सच्या यंत्राकडे वळू. आजच्या बहुतेक मोठ्या यंत्रांत आपला कागद आधी संख्यांच्या रूपात साठवला जातो आणि मग छापला जातो. त्यासाठी पुष्कळ यंत्रांत हार्ड डिस्क असते. २०१० साली अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने वापरलेली चार यंत्रे विकत घेऊन तपासली. त्यांत पोलिसांचे कागद आणि रुग्णांचे अहवाल मिळाले. त्यांतले एक यंत्र पूर्वी ज्या आरोग्यविमा संस्थेकडे भाड्याने होते, तिला २०१३ साली सरकारशी तडजोड करून १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. यंत्र परत करताना आतली डिस्क पुसायला हवी, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

जुन्या मोबाईलविषयीही असेच आढळले. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी अँड्रॉइड २.३ ते ४.३ या आवृत्त्यांचे २१ फोन तपासले आणि २०१५ साली निष्कर्ष मांडले. फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करूनही त्यांतून मजकूर परत मिळवता येत होता. त्या काळातले फोन आजही पुष्कळ घरांच्या खणांत पडून आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पुस्तक राहू द्या, किल्ली नष्ट करा

मग खरोखर पुसायचे तरी कसे? याचे उत्तर फार सुंदर आहे. वाचनालयातली सगळी पुस्तके मुळातच गुप्त लिपीत लिहून ठेवायची. ती वाचण्याची किल्ली एकाच चिठ्ठीवर असेल. वाचनालय बंद करायचे झाले, की दहा हजार पुस्तके जाळण्याची गरज नाही. ती एक चिठ्ठी जाळली, की पुरे. पुस्तके जागेवर राहतील, पण कोणालाच वाचता येणार नाहीत.

याला कूटलेखन किंवा एन्क्रिप्शन म्हणतात. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून बहुतेक नव्या फोनमध्ये आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सर्वच नव्या फोनमध्ये आतली मेमरी कूटलिपीत लिहिणे आवश्यक झाले. आयफोनमध्ये ही सोय २००९ पासून यंत्रातच आहे. अशा फोनवर ‘फॅक्टरी रीसेट’ केले, की जुनी किल्ली नष्ट होते आणि सर्व मजकूर क्षणात निरुपयोगी होतो.

किल्ली अंदाजाने शोधता येणार नाही का? २००१ साली मानक म्हणून स्वीकारलेल्या एईएस या पद्धतीत किल्ली निदान १२८ द्विमान अंकांची असते. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या २ चा १२८ वा घात, अर्थात ३४ वर ३७ शून्ये! सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र मिळाले, तरी सगळ्या तपासायला १ वर १९ शून्ये एवढी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. त्याच्या कित्येक कोटी पट हा काळ झाला.

घरोघरची मते तपासूया

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही.’ हे मत सर्वांत जास्त ऐकू येते. पण आपण मामाला आंतरदेशीय पत्रातून नुसती खुशाली कळवली, तरी त्याच्या कडा चिकटवतो. यात कोणी गुन्हा लपवत नाही. आपले बोलणे कोणापर्यंत जावे हे आपण ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. शिवाय आपल्या फोनमध्ये फक्त आपलेच काही नसते. मैत्रिणींचे नंबर आणि शेजाऱ्यांच्या मुलीची छायाचित्रेही असतात. त्यांच्या वतीने ‘काही नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

‘चुंबक फिरवला, की सगळे जाते.’ हे मत टेपरेकॉर्डरच्या काळातले आहे. ध्वनिफितीला ते काही प्रमाणात लागू होते. फ्लॅश मेमरीत माहिती कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात असते. घरातल्या चुंबकाने ती हलणार नाही. हार्ड डिस्कचा चुंबकीय थरही इतका हट्टी असतो, की त्यासाठी खास शक्तिशाली उपकरण लागते.

‘फोन चालूच होत नाही, आता त्यातून काय निघणार?’ बिघाड बहुधा पडद्यात, बॅटरीत किंवा जोडणीत असतो. मेमरी ठणठणीत असू शकते. वर घातलेले मेमरी कार्ड तर काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते, आणि त्यावर सहसा कूटलेखनही नसते.

‘मी माझ्याकडून काढून टाकले, म्हणजे संपले.’ पाटी एकच असते, पण डिजिटल मजकुराच्या प्रती असतात. ज्याला पाठवला त्याच्याकडे एक, दूरच्या संगणकावरील राखीव साठ्यात एक आणि छायाचित्रांच्या टोपलीत महिना-दोन महिने आणखी एक. आपल्या फोनवरची एक प्रत पुसून बाकीच्या पुसल्या जात नाहीत.

फोन हातावेगळा करण्यापूर्वी

यावरून घरात लावण्यासारख्या सवयी सहज ठरवता येतात. फोन देण्यापूर्वी हवा असलेला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा. सिम कार्ड आणि मेमरी कार्ड काढून ठेवावे. फोनमधून आपली सगळी खाती बंद करावीत, विशेषतः बँकेची आणि पैसे पाठवण्याची. त्यानंतरच ‘फॅक्टरी रीसेट’ करावे. २०१५ च्या आधीचा फोन असेल, तर रीसेट केल्यावर तो निरुपयोगी मोठ्या चित्रफितींनी पूर्ण भरावा आणि पुन्हा रीसेट करावे. खात्री हवीच असेल, तर तो विकू नये.

दुकानात छपाईला जाताना त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा आणि त्यावर हवी तेवढीच फाईल न्यावी. दुकानाच्या संगणकावर पाठवलेली फाईल आपल्यासमोर काढून टाकायला सांगावी. ती पूर्ण पुसली जात नाही हे आता आपल्याला ठाऊक आहे, पण निदान पुढच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ती राहणार नाही. आधारची प्रत द्यायचीच असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. जेथे चालेल तेथे ती द्यावी. आणि फोनला कुलूप हवेच. ज्या किल्लीवर सर्व भिस्त आहे, ती कुलपाविना उघडी राहिली, तर कूटलेखनाचा काय उपयोग?

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या संगणकावर करता येईल. एक जुना, स्वतःचा, लहान पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर झाडांच्या पानांची वीस छायाचित्रे ठेवा आणि मग ती सर्व काढून टाका. पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो ना? आता ‘फोटोरेक’ ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली त्यावर चालवा. सापडलेल्या फाईली पेन ड्राइव्हवर न ठेवता संगणकावर ठेवा. किती छायाचित्रे परत आली ते मोजा. त्यांची मूळ नावे मात्र गेलेली दिसतील. का बरे? नावे कोठे लिहिलेली होती, हे आठवा!

यानंतर पेन ड्राइव्ह मोठ्या चित्रफितींनी काठोकाठ भरा, त्या काढून टाका आणि फोटोरेक पुन्हा चालवा. या वेळी पानांची किती छायाचित्रे आली? दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर हा प्रयोग त्याच्या परवानगीशिवाय करू नये, हे वेगळे सांगायला नको.

ती वही घरी नेऊन दाखवा आणि मगच कपाटातल्या जुन्या फोनचे काय करायचे, ते सर्वांनी मिळून ठरवा.